संशयाचा फायदा कोणाला?

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत मिस्सेची वस्त्रे उतरवीत होतो. तेवढ्यात एक तरुण माता दाराशी येऊन घुटमळली. कडेवर आठ महिन्यांचे बाळ, खांद्यावर भलीमोठी पिशवी आणि पिशवीच्या कप्प्यातून डोकावणारी दुधाची बाटली. डोंबिवलीहून रोज सकाळची लोकल पकडून मुंबईला नोकरीस जाणाऱ्या हजारो स्त्रियांपैकी ही एक. बाळ दिवसभर आजीजवळ असते. “फादर, एक विचारू? हसणार नाही ना?” असे म्हणत तिने ती बाटली आमच्यापुढे धरली. “सासूबाई यातच दूध गरम करून पाजतात. मीच तसं सांगितलं होतं, वेळ वाचतो म्हणून. आता ऑफिसात सगळ्या म्हणतात, गरम केलं की प्लास्टिकमधली रसायनं दुधात उतरतात. मी माझ्या बाळाला विष पाजलं का? पापनिवेदनात सांगायला हवं का हे?”

आम्ही बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि “काळजी करू नकोस” असे म्हणून तिला वाटेस लावले. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनात ते नव्हते. तिचा प्रश्न जितका आरोग्याचा तितकाच नीतीचा होता आणि आम्ही त्याची केवळ बोळवण केली होती. हा लेख म्हणजे त्या मातेचे आमच्याकडे राहिलेले उत्तर होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्लास्टिकचा मूळ पदार्थ म्हणजे लहान लहान रेणूंची लांबच लांब साखळी. जपमाळेत मणी ओवावेत तसे हे रेणू एकमेकांत ओवलेले असतात आणि ओवलेला मणी सहसा निसटत नाही. परंतु बाजारातील प्लास्टिक म्हणजे नुसती ही माळ नव्हे. ते लवचीक व्हावे, उन्हात तडकू नये, रंग धरावा, चटकन पेटू नये म्हणून त्यात नाना द्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये माळेत ओवलेली नसतात. मण्यांच्या फटींत ती नुसती पेरलेली असतात. उष्णता, तेल, आंबटपणा आणि दीर्घ सहवास मिळाला की ती हळूहळू बाहेर पडू लागतात. पीव्हीसी मऊ करणारी थॅलेट द्रव्ये या जातीची. घरातील रेक्झिन, टेबलावरचे मऊ आच्छादन, पावसाळी कोट, स्वस्त खेळणी यांत ती असू शकतात.

दुसरे द्रव्य बिस्फेनॉल-ए. पॉलिकार्बोनेट नावाचे काचेसारखे पारदर्शक, टणक प्लास्टिक याच द्रव्यापासून बनते. म्हणजे येथे ते माळेतलाच मणी असते. परंतु उकळत्या पाण्याने व वारंवार घासण्याने ही माळ थोडी थोडी तुटते आणि तो मणीही सुटतो. लहान मुलांच्या बाटल्या, पाण्याचे मोठे जार, डबाबंद अन्नाच्या डब्यांचे आतले अस्तर यांत त्याचा सर्रास वापर झाला. या द्रव्याची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. ते स्त्री-संप्रेरकासारखे वागते हे लंडनचे जीवरसायनशास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. पॉलिकार्बोनेटचा शोध लागला १९५३ साली. म्हणजे इशारा आधी आला आणि बाटली नंतर आली.

ही दोन्ही द्रव्ये शरीरात फार काळ राहत नाहीत; एकदोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. मग चिंता कसली? चिंता अशी, की एक पाहुणा मागच्या दाराने जातो न जातो तोच दुसरा पुढच्या दाराने आत येतो. घर कधी रिकामे होतच नाही. अमेरिकेत २००३-०४ साली सहा वर्षांवरील २,५१७ व्यक्तींची लघवी तपासली, तेव्हा ९३ टक्के नमुन्यांत बिस्फेनॉल-ए आढळले. त्या व्यक्ती काही रसायनांच्या कारखान्यात राबणाऱ्या नव्हत्या; तुमच्याआमच्यासारखीच ती घरगुती माणसे होती.

शिवाय संप्रेरकांचे काम अतिसूक्ष्म मात्रेत चालते. वयात येणे, गर्भ वाढणे, मेंदूची घडण होणे या साऱ्या गोष्टी त्यांच्या इशाऱ्यावर होतात. त्यांच्यासारखा आवाज काढणारे परके द्रव्य नको त्या वेळी बोलू लागले तर गोंधळ उडतो. प्रौढ माणसाला जे सहज पचते ते गर्भातल्या जिवाला पचेलच असे नाही. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम संप्रेरकाचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. गर्भपात टळावा म्हणून ते गरोदर स्त्रियांना अनेक वर्षे देण्यात आले. त्या मातांना त्या वेळी विशेष काही झालेले दिसले नाही. पण त्यांच्या मुली तारुण्यात आल्यावर त्यांच्यापैकी काहींना एक दुर्मीळ कर्करोग झाला आणि हा संबंध १९७१ साली उघडकीस आला. अपराध एका पिढीचा आणि शिक्षा दुसरीला, तीही वीस वर्षांनी!

रसायनांबरोबर प्लास्टिकचे सूक्ष्म कणही पोटात जातात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली पॉलिप्रॉपिलीनच्या दूध-बाटल्या तपासल्या. पाणी २५ अंशांचे असता एका लिटरमागे सुमारे ६ लाख कण सुटत. ९५ अंशांचे असता हीच संख्या साडेपाच कोटींवर गेली. २०२४ च्या मार्चमध्ये इटालियन डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीत साचलेल्या मेदाच्या थरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या त्या थरात पॉलिएथिलीन सापडले. ज्यांच्या थरात प्लास्टिक होते, त्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या मानाने साडेचार पट होता. प्लास्टिकमुळेच हे घडले असे त्या डॉक्टरांनी म्हटलेले नाही. दोन गोष्टी सोबत आढळल्या, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

आणि येथेच खरा नैतिक पेच सुरू होतो. प्रयोगशाळेतील प्राण्यांवर परिणाम दिसतो. माणसांच्या पाहण्यांत संबंध दिसतो. पण अमुक बाटलीने अमुक बाळाला अमुक रोग झाला असे बोट ठेवून कोणी सांगू शकत नाही. माणसाच्या आयुष्यात धूर, धूळ, आहार, आनुवंशिकता अशी शंभर कारणे एकत्र नांदतात. मग शंका आहे, खात्री नाही, अशा स्थितीत आपले कर्तव्य काय? न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि ते योग्यच आहे. तोच न्याय लावून उद्योगक्षेत्रातून म्हटले जाते, “आधी पुरावा आणा, मग आमच्या मालाला दोष द्या.” युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण संशयाचा फायदा माणसाला द्यायचा असतो की वस्तूलाही?

आमच्या गुरुविद्यालयात नीतिशास्त्राच्या तासाला एक जुने उदाहरण हटकून दिले जाई. एक शिकारी रानात उभा आहे. समोरच्या झुडपात काहीतरी हलते. हरीण असेल, कदाचित माणूसही असेल. त्याला खात्री नाही. त्याने बाण सोडावा काय? सर्व नीतिशास्त्रज्ञांचे उत्तर एकमुखी आहे: सोडू नये. “तेथे माणूस आहे हे सिद्ध करा, मग मी थांबतो,” असे म्हणण्याचा अधिकार शिकाऱ्याला नाही. तेथे माणूस नाही याची खात्री करून घेणे हे त्याचे काम. इतर अनेक बाबतींत संशय असता माणसाला मोकळीक असते. परंतु दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल तेथे अधिक सुरक्षित मार्गच धरावा लागतो. हरीण सुटले तर एका जेवणाचे नुकसान; बाण माणसाला लागला तर तो कशानेही परत घेता येत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लौदातो सी’ या विश्वपत्रात हाच विचार आजच्या भाषेत मांडला. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील सावधगिरीच्या तत्त्वाचा आधार घेऊन त्यांनी म्हटले, की गंभीर व भरून न येणाऱ्या हानीची वस्तुनिष्ठ चिन्हे दिसत असतील, तर निर्विवाद पुराव्याची वाट न पाहता थांबावे किंवा मार्ग बदलावा. ज्यांना स्वतःची बाजू मांडता येत नाही, पुरावे गोळा करता येत नाहीत, अशा दुर्बलांचे रक्षण याच तत्त्वाने होते. कडेवरचे ते बाळ कोणत्या न्यायालयात पुरावा सादर करणार?

कोणी म्हणेल, “आम्ही लहानपणापासून प्लास्टिकच्याच डब्यातून खाल्ले, आम्हांला काय झाले?” असेच बोल पूर्वी पेट्रोलमधील शिशाबद्दलही ऐकू येत. १९२० च्या दशकात शिसे पेट्रोलमध्ये आले, तेव्हाच काही डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजवली होती. पक्का पुरावा हवा म्हणून जग थांबले. आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र यायला २००० साल उजाडले आणि जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. मधल्या काळात किती मुलांची बुद्धी खुंटली याचा हिशेब कोणी द्यायचा? ‘सुरक्षित मर्यादा’ या शब्दाचेही तसेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फेनॉल-एची रोजची सुसह्य मात्रा २०२३ साली पूर्वीच्या मानाने २०,००० पटींनी खाली आणली आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस युरोपीय संघाने अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदीचा निर्णय घेतला. काल ज्याला निर्धोक म्हटले ते आज तसे राहिले नाही. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने २०१५ साली दूध-बाटल्यांतून हे द्रव्य वगळले. पावले पडत आहेत. पण ती बाळांच्या मागून पडत आहेत.

तथापि प्लास्टिक म्हणजे सैतानाची निर्मिती, असे म्हणणे हा अन्याय होईल. ठाण्याच्या एका रुग्णालयात आजाऱ्यांना तैलाभ्यंग देण्यासाठी आम्ही अनेकदा जातो. सलाईनची नळी, रक्ताची पिशवी, मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या नाकातील बारीक नलिका, सारे प्लास्टिकचे. त्या नळ्यांतूनही थॅलेट झिरपते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली नवजात मुलांच्या बाबतीत तशी सूचनाही दिली होती. तरी कोणताही शहाणा डॉक्टर ती नळी काढून टाकणार नाही. एकाच कृतीचे बरे आणि वाईट असे दोन परिणाम असतील, तर बरे साधण्यासाठी वाईट किती प्रमाणात सोसावे याचा विचार नीतिशास्त्राने फार पूर्वीच केला आहे. जीव वाचविणारी नळी एका पारड्यात घाला आणि दहा मिनिटे वापरून फेकायची पिशवी दुसऱ्या पारड्यात. दोहोंना प्लास्टिक हे एकच नाव असले, तरी नीतीच्या तराजूत ती सारखी उतरत नाहीत.

आता आमच्या गावाकडे वळू. डोंबिवलीकरांना रसायनांची ओळख नव्याने करून द्यायला नको. २०१४ च्या जानेवारीत येथे हिरवा पाऊस पडला. २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री पाहणीस आले. २३ मे २०२४ रोजी वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यातील एका कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. कित्येक घरांच्या काचा फुटल्या. त्या कारखान्यात हाताळली जाणारी पेरॉक्साइड द्रव्ये प्लास्टिक व रेझिनच्या धंद्याला लागणाऱ्या वर्गातील होती. रंग दिसला, आवाज झाला की मंत्री येतात, छायाचित्रकार येतात. पण आमटीच्या पिशवीतून जे पोटात जाते त्याला ना रंग, ना वास, ना आवाज. त्याची पाहणी करायला कोण येणार?

आणि या साखळीच्या दोन्ही टोकांना गरीबच उभा आहे. १९७४ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात पीव्हीसीच्या कारखान्यातील कामगारांना यकृताचा एक अतिदुर्मीळ कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. पीव्हीसी ज्यापासून बनते त्या व्हिनाइल क्लोराइड वायूचा तो प्रताप होता. धोका प्रथम कळतो तो कामगाराच्या देहावरून. दुसऱ्या टोकाला कचरा वेचणारी माणसे. कल्याणच्या आधारवाडीच्या कचराभूमीला पूर्वी वारंवार आगी लागत आणि त्या धुराने आसपासच्या वस्त्या खोकत राहत. पीव्हीसी उघड्यावर जळले की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. आपण पिशवी ‘फेकून दिली’ असे म्हणतो. वास्तविक ती कोणाच्या तरी श्वासात टाकलेली असते.

परंतु बोट दुसऱ्याकडे दाखविण्यापूर्वी स्वतःची झडती घ्यावी. आमच्या धर्मग्रामाच्या सणाला पूर्वी चहा प्लास्टिकच्या पातळ पेल्यांतून दिला जाई. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा आम्ही मोठ्या अभिमानाने वेदीवरून घोषणा केली, की यापुढे कागदी कप. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे २०२० साली खरगपूरच्या आयआयटीतील संशोधन वाचनात आले. कागदी कपाच्या आत पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचेच पातळ अस्तर असते. १०० मिलिलिटर गरम पाणी त्यात १५ मिनिटे ठेवले तर सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. म्हणजे आम्ही कप बदलला होता, चहा तोच पाजत होतो. मग स्टीलचे पेले आणले. तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला: हे घासायचे कोणी? पहिल्या वर्षी ते काम न विचारताच महिला मंडळाच्या गळ्यात पडले आणि एका ज्येष्ठ भगिनीने आम्हांला शांतपणे सुनावले, “फादर, पर्यावरण तुमचं आणि कंबर आमची?” दुसऱ्या वर्षापासून पुरुष मंडळी आणि युवक पेले घासतात, आम्हीही बाह्या सरसावतो. सोयीची किंमत कोणीतरी मोजतोच. आपण न मोजता ती दुसऱ्याने मोजावी, ही इच्छा म्हणजेच आजच्या काळातील मोठा मोह आहे.

म्हणूनच नोकरी करून थकून आलेल्या स्त्रीला “पोळी-भाजी केंद्रातून पिशवीत आमटी का आणलीस?” असे दरडावणारे प्रवचन आम्ही देणार नाही. आमच्याच धर्मग्रामातील एक विधवा भगिनी असे केंद्र चालवते. ती म्हणते, “फादर, गिऱ्हाईक डबा आणत नाही, मी स्टीलचा दिला तर तो परत येत नाही.” ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये प्लास्टिकच्या साच्यांवर काम करून मुलांना शिकविणारी कुटुंबेही आमच्याच वेदीसमोर गुडघे टेकतात. त्यांच्या भाकरीचा विचार न करता केलेली बंदी हीदेखील अर्धवट नीतीच ठरेल.

मग जबाबदारी कोणाची? आमचे उत्तर असे: जो अधिक जाणतो आणि ज्याच्या हाती अधिक आहे त्याची अधिक. पदार्थात काय मिसळले आहे हे ठाऊक असलेला उत्पादक पहिला. तपासणीचा अधिकार असलेले शासन दुसरे. पर्याय परवडतो असा सुस्थित गिऱ्हाईक तिसरा. सणावारी शेकडो पानांची व्यवस्था करणाऱ्या आमच्यासारख्या संस्था त्याच रांगेत. आणि सर्वांत शेवटी, जिला कोणी काही सांगितले नाही, जिच्याजवळ वेळ नाही, अशी माता. आज रांग नेमकी उलटी लागली आहे: उत्पादक निश्चिंत आणि माता अपराधी!

प्रौढ माणसाने स्वतःपुरता धोका पत्करला तर तो त्याचा निर्णय. पण गर्भातील जीव, पाळण्यातील मूल, कचरा वेचणारी मुलगी यांनी कोणताही निर्णय घेतलेला नाही. त्यांच्या वतीने जेव्हा आपण निर्णय घेतो, तेव्हा संशयाचा फायदा त्यांना मिळाला पाहिजे. वस्तूला नव्हे, सोयीला नव्हे, नफ्याला तर नव्हेच.

पुढल्या रविवारी ती माता भेटली, तेव्हा आम्ही तिला थांबवून घेतले. म्हणालो, “बाळ, तू पाप केलेलं नाहीस. जे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घेण्याचा मार्गही नव्हता, त्याचा दोष लागत नाही. आता कळलं आहे, तेवढं कर. दूध स्टीलच्या भांड्यात गरम करायचं, कोमट झालं की मग बाटलीत ओतायचं. बाटली चरे पडून जुनी झाली की बदलायची. आणि जमेल तेव्हा वाटी-चमचा.” शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “फादर, आमच्या घरी चांदीचं बोंडलं आहे. हिच्या नवऱ्याला मी त्यातूनच पाजलं. बाटली आली तेव्हा मला वाटलं, आपलं जुनं झालं.” सुनेने त्यांच्याकडे पाहिले. “मग मला सांगितलं का नाही, आई?”

“तू विचारलंच नाहीस,” त्या म्हणाल्या.

त्या दोघी बाळाला घेऊन फाटकाबाहेर पडल्या. आम्ही मात्र त्या उत्तराशी बराच वेळ उभे होतो. बाटली विकणाऱ्यालाही आपण काहीच विचारले नव्हते. आता तरी विचारू या: दुकानदाराला, कारखानदाराला, नगरसेवकाला आणि वेदीवरून घोषणा करणाऱ्या आपल्या धर्मगुरूलाही.